सेल्मोचे छत्तीस फोटो

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हाँगकाँगहून मर्लिताची पेटी आली. आत निघालेलं सामान: अंगाचे साबण बारा. डबाबंद मांस, आठ डबे. कॉफीच्या बाटल्या दोन. टॉवेल तीन (एकावर हॉटेलचं नाव आहे, विचारणार नाही). मालकिणीने टाकून दिलेला कॅमेरा एक, पट्ट्यासकट. छत्तीस फोटोंचा रोल एक.

खर्च: पेटी उचलून आणणाऱ्या दोघांना वीस पेसो आणि प्यायला पाणी. त्यांनी कॉफी मागितली. बाटली अजून फोडलेली नाही असं सांगितलं. ते खरंच होतं.

पेटीत मर्लिताची चिठ्ठी. आई, आता पुरे झाले ते काळे कपडे, बाहेर पड, फोटो काढ, मला पाठव. पोरीला काय कळतंय. नवऱ्याचे काळे कपडे वर्ष भरल्यावरच उतरवायचे. वर्ष २८ मार्चला भरतंय. त्या दिवशी प्रार्थना, लोकांना जेवण, आणि मग मी निळा पोशाख घालणार. इस्त्री करून कपाटात ठेवलाय. थडग्यावर संगमरवरी पाटी बसवायची आहे: "विश्वासू पती. तीनची प्रार्थना कधी चुकवली नाही." पाटीवाला अक्षरागणिक पैसे घेतो. घेऊ दे. हे शब्द सेल्मोने कमावलेत.

खरोखरच कमावलेत. रोज अडीचला रंधा खाली ठेवून हातपाय धुवायचा, देवळात जायचा, चारला परत. अकरा वर्षं. पाऊस असो, वादळ असो. परत येताना चेहऱ्यावर अशी तृप्ती असायची की वाटायचं, हा माणूस थेट देवाच्या पंगतीतून उठून आलाय. रात्री जेवायला बसला की मी दुसऱ्यांदा पळी उचलायच्या आत म्हणायचा, पुरे. इतका संयमी. अंत्यविधीच्या दिवशी मी हे सगळं उभी राहून सांगितलं, तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. रडू आवरत नव्हतं त्यांना.

कॅमेरा मात्र अगदी वेळेवर आला. मेलेल्याचा आत्मा चाळीस दिवस घराभोवती असतो आणि निरोप घ्यायला येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सेल्मो बरोब्बर चाळिसाव्या दिवशी आला. तळहाताएवढं पांढरं फुलपाखरू, अंगावर काळे ठिपके, उडणं सेल्मोच्या चालण्यासारखं सावकाश. डाव्या पंखाचा कोपरा तुटलेला. सेल्मोच्या डाव्या करंगळीचं टोक करवतीने गेलं होतं. आणखी काय पुरावा हवा? तांदळाच्या डब्यावर बसला. झाकण लावलेलं होतं. थोडा वेळ थांबून गेला.

आता टिबो म्हणतो, तसलंच पंख तुटलेलं एक त्याच्या बागेत फिरतंय. टिबो गावाबाहेर फुलपाखरं पाळतो. कोष कापसात गुंडाळून परदेशी पाठवतो, आणि तिकीट काढून लोक बाग बघायला येतात. त्या बागेचा सगळा सांगाडा, जाळी ठोकलेली फळीन् फळी, सेल्मोच्या हातची. म्हणजे गेला तो स्वतः बांधलेल्या घरात. टिबो म्हणाला, आलिंग पुरिंग (आलिंग म्हणजे मावशी, गावातले सगळे मला तसंच म्हणतात), ही जात दोन महिने जगली तरी खूप, तुमच्याकडचं तर मे महिन्यातलं. मी म्हटलं, सेल्मोने आयुष्यात कुठलं काम मुदतीत संपवलं?

बेत: सेल्मो माझ्या हातावर बसलेला, असा एक फोटो. २८ तारखेला प्रार्थनेच्या टेबलावर ठेवायला. एकाला एक पुरे. उरलेले पस्तीस ख्रिसमसला.

२२ फेब्रुवारी, रविवार

मिस्सा संपल्यावर बागेत. दारावर कोन्सिंग. ती माझी कुमारे, म्हणजे मर्लिताच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तीच उभी होती. पंधरा वर्षं विधवा आहे, पण अंगाने भरलेली आणि सारखी हसत. तिकिटं फाडते, फुलपाखरांचं साखरपाणी करते, आणि दाराशेजारच्या टपरीत चूल मांडून बागेतल्या लोकांना गिनातान करून विकते.

मी पर्स उघडली तर माझा हातच धरला. म्हणाली, चल गं, स्वतःच्या नवऱ्याला भेटायला आलेल्या बायकोकडून कसले पैसे घ्यायचे! आणि खदाखदा हसली. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. पण वीस पेसो वाचले.

सेल्मो लगेच सापडला. मी डावा हात पुढे केला, उजव्या हातात कॅमेरा, आणि मनात जपमाळ. अर्धा तास. हात लाकडासारखा झाला. तो आला, माझ्या डोक्यावरून दोन घिरट्या घातल्या. ओळखलं. तेवढ्यात कोन्सिंग साखरपाणी घेऊन आत आली, आणि हा सरळ जाऊन तिच्या मनगटावर बसला. बसला म्हणजे ऐसपैस बसला. पंख पसरून.

तिचे हात कोपरापर्यंत साखरपाण्याने ओले होते. तेवढ्यानेच असेल.

धक्क्याने बोट दाबलं गेलं. पहिला फोटो कोन्सिंगच्या मनगटाचा. शिल्लक पस्तीस.

२५ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेतली. उपवासकाळाचे संकल्प:

दिवसातून एकदाच जेवणार. (मी एरवीही काही फार जेवत नाही.)

कुणाचा संशय घेणार नाही.

शेजारच्या इसिंगला माफ करणार. अकरा वर्षांपूर्वी सेल्मोची ताटली चोरीला गेली. पत्र्याची, निळ्या काठाची, काठाचा टवका उडालेला तिथे सेल्मोने होडीचा लाल रंग लावलेला. इसिंगशिवाय घरात कुणी आलं नव्हतं. नवी ताटली कशाला घ्यायची म्हणून तेव्हापासून त्याला बशीत वाढायला लागले. सोय अशी की बशी लगेच भरल्यासारखी दिसते. तर इसिंगला माफ केलं. तिला तसं सांगायलाही गेले. ती म्हणाली, तुझ्या ताटलीला मी हातसुद्धा लावलेला नाही, बाई, जा घरी. उपवासकाळात खोटं!

बागेत गेले नाही. संशय घ्यायचा नाही हा संकल्प आहे, आणि तिथे गेलं की येतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी सव्वातीन

गेले. न जाणं हाही संशयच झाला असता.

आज तो कोन्सिंगच्या केसांत बसला. तिने कानामागे जास्वंद खोचलं होतं. या वयात! मी म्हटलं, कुमारे, फूल छान आहे. ती म्हणाली, हवं तर घे, तुझ्याही कानामागे खोचते, येईल धावत. मी म्हटलं, मी शोकात आहे. ती म्हणाली, मग शोकात बस आणि निदान खाऊन घे.

आणि गिनातानचा वाडगा पुढे केला. नारळाच्या दुधात केळी, रताळी, साबुदाणा. चमचा उभा राहील इतकं दाट. चौघांना पुरेल एवढा नारळ एका वाडग्यात. असंच वागली तर ही पोरांना पाठीमागे काय ठेवणार? उपवास आहे म्हणून नको म्हटलं. वास मात्र घरापर्यंत आला.

फोटो दोन, दोन्ही तिच्या केसांचे. शिल्लक तेहतीस.

४ मार्च, बुधवार

युक्ती सुचली. त्याला साखरपाण्याची चटक लागली असेल, तर ते बायकोच्या हातचं का असू नये? एक लिटर पाणी, त्यात एक चमचा साखर. आत्म्याला अशी कितीशी लागणार. बाटली हलवून हलवून नेली.

डाव्या हाताला चोपडलं. दहा मिनिटांत आला! अंगठ्यावर उतरला! सहा पायांचा भार कळला मला. वर्षभराने नवऱ्याचा स्पर्श. डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे कॅमेऱ्यात काही दिसेना. म्हटलं घाई नको, एक फोटो फुकट कशाला घालवायचा, जरा स्थिर होऊ दे. त्याने ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड उलगडली, पाण्याला टेकवली, पुन्हा गुंडाळली, आणि उडाला.

कोन्सिंगकडे.

मी जाग्यावर उभी. त्याने माझ्या पाण्याला तोंड लावलं आणि पुरे म्हणाला, अगदी तसं वाटलं. बिचारा. संयम गेला नाही अजून. पण मग तिच्याकडे वीस मिनिटं काय करत होता?

शिल्लक तेहतीस. निदान नुकसान नाही.

६ मार्च, शुक्रवार

सेल्मोची टोपी घालून आणि त्याचा जुना सदरा अंगात चढवून गेले. काखेत त्याची करवत. माणूस स्वतःच्या वस्तू ओळखतो.

कोरियन पाहुण्यांची बस आली होती. फुलपाखरं सोडून त्यांनी माझेच फोटो काढले. एकाने चार. लोकांकडे रोल किती असतात!

करवत सांभाळताना माझा एक फोटो निघाला, स्वतःच्याच चपलेचा. सेल्मो त्या वेळी कुठे होता ते लिहीत नाही. टिबोने जवळ येऊन हळूच विचारलं, आलिंग, बरं आहे ना? कोन्सिंग लांबून बघत होती. आज ती हसली नाही. मन खात असल्याशिवाय हसणारी बाई गप्प होत नाही.

शिल्लक बत्तीस.

८ मार्च, रविवार

पापकबुलीला गेले. फादर किरिनोंना विचारलं, मेलेला नवरा जिवंत बाईच्या मनगटावर बसला तर पाप कुणाला लागतं? ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, बाई, फुलपाखरू हे फुलपाखरू असतं. नवीन पाद्री सगळे असेच. शहरातून शिकून येतात.

म्हटलं, जाऊ दे, पण फादर, सेल्मो रोज तीनला देवळात यायचा हे तुम्ही २८ तारखेच्या प्रवचनात सांगाल ना? ते म्हणाले, तीनला मी झोपलेला असतो, बाई, आणि देऊळ बारा ते चार बंद. किल्ली पेपिंगकडे.

जाळीपलीकडे त्यांचा चेहरा दिसत नव्हता. माझा त्यांना दिसला नसेल अशी आशा.

तिथून पेपिंगकडे. तो गेली चौदा वर्षं देवळाचा सेवक आहे. म्हणाला, हो, बंदच असतं, चोर मेणबत्त्या नेतात ना. मी म्हटलं, मग सेल्मो? पेपिंगने पायांकडे बघितलं आणि म्हणाला, आलिंग, मला डुकराला खायला घालायचंय.

अर्थ उघड आहे. सेल्मो बाहेर उभा राहून प्रार्थना करत असणार. बंद दारासमोर. त्याची भक्ती मला वाटली त्याहून मोठी निघाली.

१० मार्च, मंगळवार, दुपारी तीन ते सव्वातीन

देवळाच्या बंद दारासमोर उभी राहून बघितलं. सावली नाही. पायरी तव्यासारखी. पाव तासात घेरी आली.

अकरा वर्षं इथे रोज तासभर उभा राहणारा माणूस वाळून काळा पडला असता. सेल्मोचे कमरेचे पट्टे मीच नेऊन वाढवून आणायची. मी म्हणायची, प्रार्थना अंगी लागते तुला.

संकल्प दुसरा मागे घेत आहे.

१२ मार्च, गुरुवार

पुरावा पाहिजे. तोंडी बोलणाऱ्या बायका फिरतात, फोटो फिरत नाही. आज सगळे बत्तीस फोटो वापरले. एका दुपारी! मध्ये थांबले नाही. कोन्सिंगच्या मनगटावर, खांद्यावर, एप्रनच्या गाठीवर, तिने भरून ठेवलेल्या साखरपाण्यावर. तो जिथे जिथे बसला तिथे तिथे. मी फक्त तिच्या हातांकडे नजर ठेवून होते. कोन्सिंग म्हणाली, अगं माझे कशाला एवढे फोटो, मी काय सुंदरी आहे? मी म्हटलं, आठवण म्हणून. तिने बाकावर बसून केस नीट केले. निर्लज्ज.

रोल बोटीने लुसेनाच्या स्टुडिओत पाठवला. २८च्या आत आला पाहिजे. आला की ठरेल. पाटीवर "विश्वासू" कोरायचं की नाही, आणि मी काळे कपडे उतरवायचे की नाही. ज्याने मला फसवलं त्याचा शोक मी संपवणार नाही. मरेपर्यंत काळ्यात राहीन. बघू दे गावाला.

निळ्या पोशाखाला कसर लागू नये म्हणून कापूर ठेवला.

२४ मार्च, मंगळवार

फोटो आले. छत्तीसचे पैसे घेऊन एकतीस छापले. पाच आलेच नाहीत म्हणे, चपलेचा त्यातच गेला.

तीस फोटोंत पांढरा डाग आणि कोन्सिंग. कोन्सिंग मात्र प्रत्येकात स्वच्छ.

एकोणिसावा तेवढा लख्ख आला आहे. कोन्सिंगचा हात कडेला, अर्धा. मधोमध सेल्मो, पंख मिटून, सोंड खाली सोडलेली. ठिपकान् ठिपका मोजता येतो. बसला आहे साखरपाण्याच्या ताटलीच्या काठावर.

ताटली पत्र्याची आहे. काठ निळा. त्याच्या पुढच्या पायाशी टवका, आणि टवक्यावर लाल रंग.

फोटो उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला. ताटली तीच आहे.

इसिंगकडे गेले नाही. तिला काय सांगणार.

२५ मार्च, बुधवार

बागेत गेले. पाहुणे नव्हते. फोटो तिच्या चुलीशेजारी ठेवला आणि म्हटलं, ही ताटली कुणाची?

वाटलं होतं नाकबूल करेल. मग मी फोटो दाखवणार होते. पण फोटो आधीच ठेवला होता. चूक झाली.

कोन्सिंगने पळी खाली ठेवली. म्हणाली, सेल्मोची. त्यानेच आणून ठेवली होती. रोज तीनला यायचा.

मी म्हटलं, कशाला? मोठ्याने म्हटलं. टिबो कोषांच्या खोलीतून बाहेर आला आणि परत आत गेला.

ती म्हणाली, कशाला म्हणजे, जेवायला! अगं भूक लागायची त्याला, पुरिंग! दिवसभर लाकूड कापणारा माणूस आणि तू त्याला बशीत वाढायचीस!

मी म्हटलं, बशी भरलेली असायची. ती म्हणाली, बशीच ती, भरून भरून किती भरणार? मी म्हटलं, ताटली हरवली म्हणून बशी आली. ती म्हणाली, ताटली होती तेव्हा तीत मधोमध भात असायचा आणि भोवती निळा काठ, त्यानेच सांगितलंय. पहिल्या दिवशी म्हणाला, कोन्सिंग, ही एकदा काठापर्यंत भरून बघ, कशी दिसते ते मला बघायचंय.

मी विचारलं, आणि आणखी काय व्हायचं? तिला आधी कळेचना. कळल्यावर तिने मला नखशिखान्त बघितलं आणि म्हणाली, व्हायचं काय, तो खायचा, मी भांडी घासायची, तो ताटली स्वतः धुवायचा, क्रूस करायचा आणि जायचा. पैसे म्हणून जाळीची डागडुजी करून द्यायचा. तुझ्याबद्दल वावगा शब्द नाही. उलट सांगायचा, पुरिंगला कळू देऊ नकोस, तिला वाटेल तिचं अन्न कमी पडतं.

मी म्हटलं, माझ्या घरात कधी काही कमी पडलेलं नाही. वहीत लिहिलेलं आहे.

ती म्हणाली, वही खाऊन पोट भरत असतं तर मर्लिता शाळेतून रोज माझ्याकडे कशाला आली असती?

मर्लिता. मला म्हणायची, धर्ममातेकडे अभ्यासाला जाते. पेपिंगला माहीत होतं. टिबोला माहीत होतं. फादर तेवढे नवीन आहेत. अंत्यविधीला खाली गेलेल्या त्या सगळ्या माना.

कोन्सिंग मग जरा मऊ झाली. म्हणाली, तो गेल्यावर ताटली रिकामी बघवेना, म्हणून तीत साखरपाणी घालते. म्हणून तर फुलपाखरं सगळी त्या ताटलीवर येतात. आणि अगं, ज्याला तू सेल्मो म्हणतेस ना, ती मादी आहे. या आठवड्यात तिने वेलीवर चाळीस अंडी घातली.

मी म्हटलं, तुला लाज वाटली पाहिजे. नक्की कशाची ते मलाही सांगता आलं नसतं. ती म्हणाली, मी लुसेनाला बहिणीकडे जातेय ईस्टरपर्यंत, तुझ्या कार्याला येणार नाही, सुखाने कर. आणि तरीही वाडगा भरून पुढे केला.

घेतला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

मी फसवली गेले आहे, आणि तेही बाईपायी नाही. बाईपायी असती तर गावाने माझी बाजू घेतली असती. फादरही काहीतरी म्हणाले असते. रताळ्यापायी फसवली गेलेल्या बायकोसाठी कुठली प्रार्थना आहे?

पाटीवाल्याला निरोप दिला, नाव आणि तारखा फक्त. स्वस्त पडलं. आनंद झाला नाही.

उद्या दाखवते गावाला. उद्याच्या जेवणात मी स्वतः गिनातान करणार. त्यात काय मोठं आहे? चाळीस माणसं, दोन नारळ.

२८ मार्च, शनिवार, रात्री

वर्ष भरलं. प्रार्थना झाली. टेबलावर फोटो एकोणिसावा ठेवला, दुसरा नव्हता. बायका म्हणाल्या, काय सुंदर आलाय. इसिंगने जरा जास्तच जवळून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. बोलली नाही, हे तिचे उपकार.

जेवणं. मी स्वतः पळी घेऊन फिरले. एकदा वाढून झालं, दुसऱ्या फेरीला निघाले. फादर किरिनो म्हणाले, पुरे, बाई. पेपिंग म्हणाला, पुरे. मी पळी उचलायच्या आधीच. इसिंग, पुरे. टिबो, पुरे, आलिंग, पुरे. चाळीस माणसं, एकूणएक. सगळेच संयमी. उपवासकाळ आहे.

मग खिडकीतून बघितलं. अर्धी पंगत कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे उभी होती.

भांडं अर्धं उरलं. मी एक चमचा तोंडात घातला. पाणी गोड लागत होतं, गोड म्हणजे तरी किती. चमचा उभा राहिला नाही. बुडाला.

टिबो परत आला, हातात काडेपेटी. म्हणाला, आलिंग, राग मानू नका, तुमची ती आज सकाळी गेली. वय झालं होतं. अंडी मात्र पुष्कळ ठेवून गेली, दोन महिन्यांनी या बघायला. पेटीत कापूस, कापसात ती. डाव्या पंखाचा कोपरा तुटलेला. "तुमची ती" म्हणाला. "तुमचा तो" नाही. मी दुरुस्त केलं नाही.

मे महिन्यात तो आला होता तेव्हा तांदळाच्या डब्यावर बसला होता. डबा बंद होता. तो तरी खरंच तो होता की नाही, आता कुणाला विचारू?

निळा पोशाख काढला. कापराचा वास. परत ठेवला.

३१ मार्च, मंगळवार

तीन दिवस विचार केला. राग तसाच आहे, त्यात फरक नाही. पण एक गोष्ट तेवढी समजून घ्यायला हवी, आणि ते सांगू शकणारी एकच बाई आहे. लुसेनाला पत्र टाकलं. त्याची नक्कल इथे ठेवते.

"कुमारे कोन्सिंग,

खुशाली विचारत नाही, कारण मी रागावलेली आहे. तू, तो आणि माझी पोटची पोर, तिघांनी मिळून मला अकरा वर्षं अंधारात ठेवलं. हे मी विसरणार नाही. मर्लिताला वेगळं लिहीत आहे.

तुझी ती पांढरी मादी शनिवारी गेली. टिबो ताटलीत साखरपाणी घालायला विसरतो, म्हणून कालपासून मी जाऊन घालते. एक चमच्याने येत नाहीत. पाच घातले.

एका वाडग्याला किती नारळ लागतात ते लिही. दोन नारळांत चाळीस माणसं होत नाहीत, हे मला आता कळलं आहे, तू सांगू नकोस.

आणि दुसरं. माझ्याकडे तो पळी उचलायच्या आधी पुरे म्हणायचा. तुझ्याकडे कधी म्हणायचा? दुसऱ्यांदा वाढल्यावर, की तिसऱ्यांदा? की म्हणायचाच नाही? आठवून, खरं लिही. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. निळा पोशाख कपाटाच्या दाराला टांगून ठेवला आहे.

आत तिकीट चिकटवलेलं पाकीट घातलं आहे, तेव्हा सबब सांगू नकोस. उलट टपाली कळव.

पुरिंग"